२२ सेकंदांचा दरबारी

प्रश्न : माझा नातू वाशीला पियानो शिकतो. परवा त्यानं ‘स्टार वॉर्स’चं संगीत लावलं आणि ‘आजोबा, हे क्लासिकल आहे’ म्हणाला. नेरुळच्या ज्वेल पार्कात रोज माझ्याबरोबर फिरायला येणारे एक स्नेही तरुणपणी ख्याल शिकलेले. त्यांच्या कानावर हे घातलं, तर ते चालायचे थांबून बाकावरच बसले. ‘उद्या मालिकेच्या टायटल साँगलाही शास्त्रीय म्हणा!’ तीन दिवस हाच वाद चाललाय, चालणं बंद. तुम्ही सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवलंय, तर निकाल तुम्हीच द्या.
— एक निवृत्त बँक कर्मचारी, नेरुळ

उत्तर : नातू बरोबर आहे. पण तो ‘क्लासिकल’ म्हणाला आणि तुमच्या स्नेह्यांनी ‘शास्त्रीय’ ऐकलं. हे दोन शब्द आपण बिनघोर एकमेकांच्या जागी वापरतो आणि मग असे बाकावर बसतो.

पाश्चात्त्यांकडे क्लासिकल म्हणजे संगीतकारानं बसून, सुरासुरानं कागदावर लिहिलेलं संगीत. वाजवणाऱ्यानं तो कागद जिवंत करायचा, त्यात भर घालायची नाही. लिहिणारा तालेवार असेल तर त्यानं सिंफनी लिहिली की सिनेमासाठी लिहिलं, याची सीमारेषा पुसट होत जाते. सॅं-सॉं या फ्रेंच संगीतकारानं १९०८ साली एका मूकपटासाठी संगीत लिहिलं आणि आपल्या बाकीच्या रचनांच्या रांगेत त्यालाही ओपस, म्हणजे रचनेचा, क्रमांक दिला, १२८. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हनं दिग्दर्शक आयझेनस्टाइनच्या ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ या सिनेमासाठी १९३८ मध्ये संगीत केलं आणि पुढच्याच वर्षी त्यातून गायकवृंदासह वाजवायची स्वतंत्र रचना बांधली. ती आजही मैफलींत होते, सिनेमा न बघितलेले लोक ऐकतात. संगीतकार कॉर्नगोल्ड तर हॉलिवूडमध्येच राबलेला माणूस. आपल्याच सिनेमांतल्या धुना घेऊन त्यानं व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदाची रचना, लिहिला आणि १९४७ मध्ये तो पहिल्यांदा वाजवला थोर व्हायोलिनवादक हायफेट्झनं! त्यातलं पहिलं पान मी घरी अनेकदा काढलंय. दुसरं पान अजून बघायचंय.

तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडलीच. आता ती नाकं सरळ झालीत. नातवाच्या ‘स्टार वॉर्स’चे संगीतकार जॉन विल्यम्स २०२० च्या जानेवारीत व्हिएन्ना फिलहार्मोनिकसमोर उभे राहिले आणि त्या वाद्यवृंदानं ‘स्टार वॉर्स’ वाजवलं. ज्या शहरात मोझार्ट आणि बेथोव्हन राहिले, तिथं चालतं, तर नेरुळमध्ये हरकत घेणारे आपण कोण?

आता तुमच्या स्नेह्यांकडे येतो. त्यांचा राग मला कळतो. एक प्रसंग सांगतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी नौपाड्यातून सकाळी ठाणे स्टेशनला चालत जायचो, लोकलमध्ये व्हायोलिनची पेटी दोन गुडघ्यांत धरून बसायचो (बसायला मिळालं तर), आणि दादरला गाडी बदलून ताडदेवला. आमच्या लोकांत पार्श्वसंगीत कुणी म्हणत नाही, ‘बॅकग्राउंड’ म्हणतात. गाण्याचं रेकॉर्डिंग म्हणजे लग्न आणि बॅकग्राउंड म्हणजे पंगतीनंतरची भांडी. पैसे मिळायचे, नाव कुठंच नाही. पडद्यावर रीळ चालू, समोर आम्ही, कंडक्टरचा एक डोळा पडद्यावर आणि एक कागदावर. १००० फुटांचं रीळ ११ मिनिटांत संपतं. त्यात नायिकेनं पत्र फाडलं की सूर तुटायला हवा, आधी नाही, नंतर नाही.

त्या दिवशी एक बुजुर्ग सरोदिये बोलावले होते. मैफलीत ते दरबारी काढायचे तेव्हा आलाप, जोड, झाला या वाढत्या लयीच्या वाटेनं जाता जाता सहज तास उलटायचा. इथं प्रसंग असा, की म्हातारा बाप मोठ्या वाड्यात एकटा उरलाय आणि शेवटी दार लागतं. संगीतकार म्हणाले, ‘खाँसाहेब, दरबारी. २२ सेकंद. दार लागलं की थांबायचं.’

खाँसाहेब हसले. म्हणाले, ‘२२ सेकंदांत माझा गंधार हलायलासुद्धा लागत नाही.’

ज्यांनी दरबारी ऐकलाय त्यांना यातली खोच कळेल. त्या रागाचा कोमल गंधार, म्हणजे कोमल ‘ग’, उभा राहत नाही, झुलतो, आणि तो कधी झुलवायचा याची वाट बघण्यातच निम्मा दरबारी आहे. पहिले तीन टेक दाराशी जमले नाहीत. चौथ्याला त्यांनी मंद्रातून, म्हणजे खालच्या सप्तकातून, एक लांब मींड घेतली, एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत, तो गंधार एकदाच झुलवला आणि दार लागलं. त्याच्यावर आम्हा १२ व्हायोलिनवाल्यांना हळूच शिरायचं होतं. एकही शिरला नाही. सगळे ऐकत बसलो होतो.

कंडक्टरनं आमच्या पिढ्यांचा उद्धार केला. पाचवा टेक झाला. बरोबर २२ सेकंद, आम्ही वेळेवर. पण ती मींड तशी पुन्हा आली नाही. सिनेमात आहे तो पाचवा टेक.

आता मला सांगा, तो दरबारी होता का? होता, निखळ. शास्त्रीय होता का? माझ्या मते नाही. आपल्याकडे शास्त्रीय म्हणजे नुसता राग नव्हे, रागाची बढत, म्हणजे तो सुरासुरानं फुलवत नेणं. कलाकार त्या क्षणी ठरवतो पुढं कुठं जायचं, त्याला दार नसतं. यमनमधली चाल यमनचा ख्याल होत नाही, मग ती कितीही गोड असो. ‘पाथेर पांचाली’ला १९५५ मध्ये रविशंकरांनी संगीत दिलं. बोटं तीच, तयारी तीच, पण तिथं त्यांनी मैफल केली नाही, सत्यजित राय यांच्या चित्रापुरतं वाजवलं. पुढं रायबाबू १९६१ पासून आपल्या सिनेमांचं संगीत स्वतःच करू लागले. मैफलीच्या कलाकाराला मिनिटांत बसवणं किती अवघड असेल याची मला तरी कल्पना आहे.

म्हणजे स्नेहीसुद्धा बरोबर? थांबा. त्यांना एकच विचारा : नाट्यसंगीताचं काय करायचं? १९१६ च्या ‘स्वयंवर’च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. त्यांच्यापेक्षा मोठा ख्यालिया कुठून आणणार? त्यांनी रागदारी रंगमंचावर आणली, तीही प्रवेशाच्या मापात कापून, आणि आज तीच पदं लोक मैफलीच्या शेवटी फर्माईश करून ऐकतात. आमच्या ठाण्याचे पंडित राम मराठे १९३८ मध्ये प्रभातच्या ‘गोपालकृष्ण’मध्ये कृष्ण झाले होते. पुढं त्यांनी ख्याल गायला, ‘मंदारमाला’ हे नाटक गाजवलं. सिनेमा, नाटक, मैफल असे तीन कप्पे त्यांच्या गळ्यात कधी दिसले नाहीत, आणि महापालिका त्यांच्या नावानं संगीत समारोह भरवते तेव्हा कुणी कप्पे तपासायला येत नाही.

मी स्वतः ‘शास्त्रीय का?’ ऐवजी ‘चित्र काढून घेतलं तर काय उरतं?’ असं विचारतो. विद्यार्थ्यांना ‘कानून’ दाखवतो, १९६०चा, बी. आर. चोप्रांचा. एकही गाणं नाही, बॅकग्राउंड सलील चौधरींचं. आधी आवाज बंद करून एक प्रसंग, मग तोच आवाजासह, मग डोळे मिटून. तिसऱ्या वेळी पोरं गप्प होतात. संगीतकार वनराज भाटियांचं काम असंच ऐका. लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत शिकून, पॅरिसला नामवंत संगीतशिक्षिका नादिया बूलांजेंच्या हाताखाली घडून आलेला माणूस, आणि ‘अंकुर’, ‘मंथन’, ‘भूमिका’ला संगीत त्याचं. शिवाय व्हायोलिनवाला म्हणून माझा पक्षपात : ‘सायको’. १९६०. बर्नार्ड हरमननं सगळा सिनेमा फक्त तंतुवाद्यांवर काढला. पितळी नाहीत, बासरी नाही, ढोल नाही. आम्हाला कायम प्रेमाच्या प्रसंगातच वाजवायला लावणाऱ्यांनी तो बघायला हवा होता.

तुमच्या स्नेह्यांना बाकावरून उठवा. गुडघे महत्त्वाचे.

प्रश्न : कळव्याहून रोज मुंबईला जाताना मी कानात ‘सैराट’ लावते. त्यातल्या मोठ्या वाद्यवृंदानं अंगावर काटा येतो. गाण्याच्या बाई म्हणतात, ‘राग ओळखून ऐक, नाहीतर ऐकू नकोस.’ कुठला राग आहे?
— एक नोकरदार वाचक, कळवा

उत्तर : बाईंना नमस्कार सांगा आणि लोकलमध्ये राग शोधू नका. काटा येतो तो रागामुळे नाही. अजय-अतुल यांनी तो वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत, सिंफनीच्या वादकांकडून रेकॉर्ड केला. तिथं मुख्य चालीच्या खाली दुसरी चाल चालते, तिच्याखाली तिसरी. आपला कान एका चालीला सवयीचा, त्यामुळे एकदम तीन ओळी अंगावर आल्या की तो गडबडतो आणि काटा येतो.

उद्या एक करा. गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त चेलो, व्हायोलिनचा मोठा भाऊ, ऐका. भारदस्त, नाकात बोलणारा आवाज. तो काय करतोय ते एकदा सापडलं, की तुम्हाला अँथनी गोन्साल्विस किंवा सेबॅस्टियन डिसोझा या गोवेकर संगीत-संयोजकांनी हिंदी गाण्यांत काय करून ठेवलंय तेही ऐकू येऊ लागेल. ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभला जे नाव मिळालं ते यातल्या पहिल्यांचं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलालजी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. रेकॉर्डवर मात्र या मंडळींची नावं शोधू नका, आम्हाला सवय आहे.

प्रश्न : मुलगी व्हायोलिनच्या प्रवेशिका पूर्ण परीक्षेला बसणार आहे. तिला परीक्षकांसमोर एक सिनेमाची धून वाजवायची आहे. चालेल का?
— ऐरोली

उत्तर : नाही. तिथं अभ्यासक्रमातले राग विचारतात, तेच वाजवावे. हट्ट करू लागली तर एक गोष्ट सांगा. ज्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांचाच मुलगा, दत्तात्रेय, १९५२ च्या ‘बैजू बावरा’त अमीर खाँसाहेबांबरोबर गायला, राग देसी. त्यामुळे धून तिनं घरी खुशाल बसवावी. फक्त आधी भूप रागाची स्थायी, बंदिशीचा पहिला भाग, न अडखळता येऊ दे. मागच्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याची धून पाठ होती आणि भूपात मध्यम लागला, जो त्या रागात नसतोच. परीक्षक बाईंनी काही म्हटलं नाही, फक्त पेन उचललं.