संत अंतोनीची ‘जयंती’ 13 जूनला नसते

प्रश्न अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आला आहे. चर्चसमोरच्या फळ्यावर पोरांनी ‘संत अंतोनी जयंती, 13 जून’ असं लिहिलं. शेजारगावच्या मास्तरांनी ते पुसून ‘पुण्यतिथी’ करायला लावलं. बरोबर काय?

दोन्ही नाही. ‘सण’ लिहा.

ही ‘जयंती’ माझ्या डोक्यात जाते. माईकवरून, पत्रिकांवरून, आता मोबाईलवरच्या शुभेच्छांमधूनही सारखी आदळते. अंतोनी 1231 साली 13 जूनला इटलीतल्या पाडुआजवळ वारले. माणूस गेला त्या दिवशी पाळणा कसा बांधता? कॅथलिक दिनदर्शिकेत जन्माचे सण तीनच आहेत: येशूचा 25 डिसेंबरला, मरियामातेचा 8 सप्टेंबरला आणि योहान बाप्तिस्ताचा 24 जूनला. योहानाच्या मुक्या झालेल्या बापाने, जखऱ्याने, पाटी मागवून ‘ह्याचं नाव योहान’ असं लिहिलं, तो उतारा त्याच 24 जूनला मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, वाचतात. बाकी संतांचा सण बहुतेक करून मरणाच्या दिवशीच असतो.

विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, याचंच मला नवल वाटतं. शेगावला ऋषिपंचमीला काय असतं? महाराजांची पुण्यतिथी. मोझरीला 4 वाजून 58 मिनिटांनी हजारो माणसं जागच्या जागी मौन उभी राहतात, तीही राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीलाच. संत गेला तो दिवस मोठा, हे आपल्या मातीत मुरलेलं आहे.

आता खरी गंमत ‘नाताळ’ या शब्दाची. लॅटिनमध्ये ‘नातालिस’ म्हणजे जन्माचा. त्याचं पोर्तुगीजांनी ‘नाताल’ केलं आणि आपण शेवटच्या ल चा ळ करून शब्द घरचा करून टाकला. इथवर सगळे सांगतात. पण जुन्या ख्रिस्तसभेत ‘दिएस नातालिस’, म्हणजे जन्मदिवस, हुतात्म्याच्या मरणाच्या दिवसाला म्हणत. इथे मेला तो स्वर्गात जन्मला, असा हिशेब. दुसऱ्या शतकात स्मर्ण्याचे बिशप पॉलिकार्प यांना मारलं, तेव्हा तिथल्या लोकांनी ग्रीक पत्रात लिहून ठेवलं की आम्ही त्यांच्या अस्थींपाशी जमून त्यांच्या हौतात्म्याचा जन्मदिवस पाळू. म्हणजे शब्दाच्या मुळावर गेलं तर 13 जून हा अंतोनीचा नाताळच!

एका खेड्यात मी 10 ऑगस्टला, संत लॉरेन्सच्या सणाला, एका आजीकडे होतो. दोऱ्याने बांधलेला चष्मा नाकावर ठेवून त्या रोजच्यासारखं त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचत होत्या. योहानाचा बारावा अध्याय: गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. मी ‘नातालिस’ची गोष्ट सांगायला लागलो, तर त्यांनी बोट ओळीवरून न हलवता मला थांबवलं. “त्यात काय नवं हाय बाबू? सरकी टोबली तवा मेली, निंगाली तवा जन्मली.” लॅटिन सांगायची गरज उरली नाही.

आणि ‘जयंती’? तिच्या पोटात जन्म नाहीच. ती ‘जय’मधून आली. श्रावण वद्य अष्टमीला रोहिणी नक्षत्र आलं की त्या योगाला जयंती म्हणत. कृष्णजन्माचा तो योग, म्हणून पुढे शब्द सगळ्यांच्याच जन्माला चिकटला. बघा कसं झालं: जन्माचा शब्द मरणाला गेला आणि विजयाचा शब्द जन्माला. हुतात्म्याचा दिवस विजयाचाच असतो, म्हणून मुळात ‘जयंती’ त्यालाच शोभली असती, असं माझं ठाम मत आहे. पण आज ऐकणारा जन्मच समजतो, तेव्हा फळ्यावर ती चालणार नाही. आणि नाताळ ‘परका’ म्हणून हाकलून ‘ख्रिस्तजयंती’ म्हणा असं सांगणारे शुद्धीवाले मला मुळीच पटत नाहीत. त्या एका शब्दात जन्म आणि मरण दोन्ही मुरलेलं आहे, ते हे लोक पुसायला निघाले आहेत.

‘सण’ मात्र पक्का आपला. संस्कृत ‘क्षण’, प्राकृतात ‘छण’, मराठीत ‘सण’. अमरकोशात ‘क्षण’ उत्सवाच्याच पर्यायांत दिला आहे. रोज एका संताचं नाव घेऊन एक उतारा वाचणाऱ्या घराला याहून नेमका शब्द कुठे मिळणार?

राहिले मास्तर. नागपूरचं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं आहे, ते संत फ्रान्सिस द साल 28 डिसेंबर 1622 ला वारले. त्यांचा सण 24 जानेवारीला येतो, कारण त्या दिवशी त्यांचा देह फ्रान्समधल्या आनसीला आणून ठेवला. असिसीचे फ्रान्सिस 3 ऑक्टोबरच्या संध्याकाळी गेले, सण 4 ला. या दोन तारखांना मास्तर ‘पुण्यतिथी’ कशी लावणार, ते त्यांना विचारा आणि तोवर फळ्यावर लिहून टाका: ‘संत अंतोनीचा सण, 13 जून’.