नॅसच्या डिस्क थांबतच नाहीत, तेव्हा काम कोण करते आहे ते आधी शोधा

तुम्ही लिहिले आहे की, मंगळवार पेठेतील घरी तुमचे दोन डिस्कांचे नॅस (घरच्या नेटवर्कवर सर्वांच्या फाइली साठवणारे यंत्र) आहे, ४ टेराबाइटच्या दोन्ही डिस्क रेड-१ मध्ये, म्हणजे एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर राहील अशा जोडलेल्या आहेत. गेल्या आठवड्यात वडिलांच्या संग्रहातील सुमारे दोन लाख फोटो तुम्ही त्यावर उतरवले, नंतर पावसात एकदा वीज गेली आणि तेव्हापासून तीन दिवस डिस्कांचे दिवे रात्रंदिवस लुकलुकत आहेत. दोनदा बंद करून चालू केले तरी फरक पडला नाही, असेही तुम्ही म्हणता. कृपया तिसऱ्यांदा तसे करू नका. डिस्क सतत चालणे हा बहुतेक वेळा बिघाड नसतो. आत कोणते तरी काम सुरू असते, आणि ते अर्ध्यावर तोडले की ते आणखी लांबते.

सर्वप्रथम यंत्रावर तळहात ठेवून आवाज नीट ऐका. एकसारखी बारीक खरखर येत असेल तर मोठे वाचन किंवा लेखन चालू आहे. ठरावीक सेकंदांनी एक टिकटिक येत असेल तर एखादा प्रोग्राम थोडे थोडे लिहीत आहे. परंतु ‘खट्’ असा आवाज, क्षणभर शांतता आणि पुन्हा ‘खट्’ असे ऐकू आले, तर पुढचे सर्व सोडून आधी फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, कारण त्या आवाजाची डिस्क कधी साथ सोडेल याचा भरवसा नसतो.

आवाज साधा असेल तर नॅसची लॅन केबल काढा आणि दहा-पंधरा मिनिटे फक्त दिवे पाहत बसा. केबल काढल्यावर ब्राउझरमध्ये नॅसचे सेटिंगचे पान उघडणार नाही, म्हणून दिवे हीच तुमची खूण. दिवे शांत झाले तर काम बाहेरून येत आहे: लॅपटॉपवरचा बॅकअप, नेटवर्क ड्राइव्हही तपासणारा अँटिव्हायरस, व्हिडिओ शोधणारा टीव्ही किंवा त्याच जागी रेकॉर्डिंग करणारा सीसीटीव्ही. ही उपकरणे एकेक करून बंद केली की दोषी सापडतो.

केबल काढूनही दिवे चालूच राहिले, आणि तुमच्या बाबतीत तसेच होईल असा माझा अंदाज आहे, तर काम आतले आहे. वीज अचानक गेली की रेड-१ मधील दोन प्रती एकमेकींशी जुळतात की नाही याची यंत्राला खात्री उरत नाही, म्हणून ते त्या पुन्हा जुळवायला घेते. यालाच रिसिंक म्हणतात. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी १५० मेगाबाइट वेगाने वाचली तरी सुमारे साडेसात तास लागतात, आणि त्याच वेळी कोणी फाइली वापरत असेल तर हा वेळ कितीतरी वाढतो. नॅसच्या सेटिंगमधील स्टोरेजच्या पानावर टक्केवारी दिसते. एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून आज्ञा टाइप करून, आत जाता येत असेल तर प्रॉक फोल्डरमधील एमडीस्टॅट (/proc/mdstat) ही फाइल वाचा, तिच्यात झालेले काम आणि उरलेली मिनिटे दोन्ही लिहिलेली असतात.

तीन दिवस मात्र केवळ रिसिंकने भरत नाहीत. माझा खरा संशय फोटोंच्या अनुक्रमणिकेवर आहे. फोटोंचे ॲप चालू असलेले नॅस प्रत्येक नवा फोटो उघडते, त्याच्या लहान-मोठ्या प्रतिमा तयार करते आणि काही ॲप चेहरेही ओळखत बसतात. घरगुती नॅसचा प्रोसेसर बेताचाच असतो. एका फोटोला दोन सेकंद धरले तरी दोन लाख फोटोंना चार लाख सेकंद, म्हणजे साडेचार दिवसांहून अधिक वेळ लागतो. हे काम एकदाच होते; ते पूर्ण होऊ द्या, किंवा आवाजाने झोपमोड होत असेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये ते रात्रीपुरते थांबवा.

टिकटिकीचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. राजारामपुरीतील माझ्या घरी गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर आहे, आणि त्याच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम मी नॅसवरच बसवला होता. रात्री घर शांत झाले की दर काही सेकंदांनी दोन्ही डिस्क एकदम वाजत. कोणता प्रोग्राम किती लिहितो हे आयओटॉपने दिसते आणि कोणत्या फाइलला हात लागतो हे एफएट्रेसने; ती दोन्ही साधने बसवून पाहिल्यावर पडद्यावर त्याच डेटाबेसचे नाव पुन्हा पुन्हा येऊ लागले. पाण्याची पातळी बदललेली नसतानाही तो प्रोग्राम प्रत्येक वेळी नवी नोंद करत होता, आणि एवढ्याशा नोंदीसाठीही डेटाबेस व फाइल सिस्टिमचे जर्नल (प्रत्येक बदलाची आधी केली जाणारी नोंद) मिळून डिस्कवर अनेकदा लिहिले जात होते, तेही दोन्हीकडे. नोंद पंधरा मिनिटांनी एकदा व्हावी असे करून डेटाबेस एका लहान एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कवर, हलवल्यापासून रात्री शांतता आहे.

आतले काम बाहेरून शिरलेल्या कोणाचे तर नाही, हेही पाहायला हवे. राउटरवर नॅससाठी पोर्ट फॉरवर्डिंग केले असेल, म्हणजे इंटरनेटवरून थेट नॅसपर्यंत येण्याची वाट उघडली असेल, तर ते आजच बंद करा. २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रामने इंटरनेटवर उघडी ठेवलेली नॅस यंत्रे शोधून त्यांतील फाइली कुलूपबंद केल्या होत्या. फाइलींची नावे आपोआप बदललेली दिसली तर केबल काढा आणि बॅकअपची डिस्क नॅसपासून लगेच वेगळी करा.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते त्या स्मार्ट अहवालात ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे मूळ आकडे (रॉ व्हॅल्यू) पाहा: बदललेले सेक्टर (डिस्कवरील साठवणीचे छोटे तुकडे), वाचता न आल्याने अडकलेले सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. शून्य असेल तर उत्तम. दर आठवड्याला आकडा वाढत असेल तर नवी डिस्क मागवा. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिला यंत्राशी जोडणाऱ्या केबलचा किंवा जोडणीचा असतो.

डिस्क काही मिनिटांत झोपवण्याची सेटिंग मी वापरत नाही. नॅससाठीच्या डिस्क चोवीस तास फिरण्यासाठी बनवलेल्या असतात, आणि बऱ्याच नॅसमध्ये मूळ सिस्टिम सर्व डिस्कांवर असल्यामुळे साधी लॉगची (यंत्राच्या रोजनिशीची) ओळ लिहायलाही त्यांना उठावे लागते. असे दिवसभर उठणे-झोपणे त्यांना फिरत राहण्यापेक्षा अधिक झिजवते. त्याऐवजी यूएसबीने नॅसला जोडता येणारा यूपीएस घ्या, म्हणजे बॅटरी संपत आली की नॅस स्वतःहून व्यवस्थित बंद होईल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्याची गरज पडतेच. शिवाय रेड-१ म्हणजे बॅकअप नव्हे: चुकून पुसलेला फोटो त्याच क्षणी दोन्ही डिस्कांवरून जातो. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर पाहिल्यानंतर मी तिसरी प्रत दुसऱ्या गावी, नातेवाइकांकडे ठेवतो. वडिलांच्या फोटोंसाठी तुम्हीही तेवढे कराच.

आज रात्री केबल काढून पाहा, पुन्हा जोडल्यावर एमडीस्टॅटमधील ओळी आणि फोटो ॲपमध्ये उरलेल्या फोटोंची संख्या उतरवून घ्या आणि मला कळवा. उद्या सकाळी ती संख्या घटलेली असेल तर हात लावू नका. तेवढीच राहिली असेल तर ॲप एखाद्या खराब फाइलवर अडकले आहे, आणि ती फाइल कशी शोधायची ते मी सांगेन.