कपाटातल्या कोऱ्या गड्ड्या आणि मुलीचं शिक्षण

एका वाचकाने विचारलं आहे: ‘नवी नोट निघाली की मी बँकेतून कोरी गड्डी आणून कपाटात ठेवतो. सात-आठ वर्षांत बऱ्याच जमल्यात. यंदा बोनसचा निम्मा भाग अशा नोटा आणि फॅन्सी नंबर घेण्यात घालावा म्हणतो. बारा वर्षांनी मुलीच्या शिक्षणाच्या वेळी विकता येतील. कोणत्या नोटा घेऊ?’

मुलीच्या शिक्षणाचे पैसे यात घालू नका, हे आधी सांगून टाकतो. मग नोटांबद्दल मनसोक्त बोलू.

कपाटातली गड्डी म्हणजे बिनव्याजी पडून असलेला पैसा. महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर साधारण 12 वर्षांत पैशाची क्रयशक्ती निम्मी होते. म्हणजे तुमच्या मुदतीअखेर शंभराच्या नोटेला कुणी दोनशे दिले, तरी तुम्ही आज आहात तिथेच राहिलात. शिवाय हा भाव गड्डीतल्या शंभरही नोटांना मिळायला हवा. एक-दोन नोटांना हौशी गिऱ्हाईक भेटतं. शंभर नोटा घेऊन डीलरकडे गेलात की तो दर्शनी किमतीवर थोडं काही ठेवेल, नाहीतर ‘बँकेत भरा’ म्हणेल.

याचं कारण साधं आहे. जुन्या नोटा दुर्मीळ झाल्या, कारण लोकांनी त्या खर्च केल्या. शंभर वर्षांपूर्वी मोठ्या रकमेची कोरी नोट नुसती हौस म्हणून ठेवून देणं फार थोड्यांना परवडत होतं. आज नवी नोट आली की पहिल्याच आठवड्यात तुमच्यासारखे हजारो जण गड्ड्या बाजूला ठेवतात. स्मारक म्हणून काढलेल्या नोटांचं तर विचारूच नका. त्या जपण्यासाठीच छापलेल्या असतात आणि लोक त्या इमानेइतबारे जपतात.

मग घेण्यासारखं काय? मी छपाईतल्या अपघाताकडे आधी बघेन. छापताना नोट खराब झाली की तिच्या जागी बदली नोट घालतात. अमेरिकेत 1910 पासून अशा नोटेच्या नंबरात तारा छापतात, म्हणून ती स्टार नोट. पण नुसता तारा पुरत नाही. त्या मालिकेत अशा नोटा किती छापल्या ते शोधा. 2013 च्या मालिकेतल्या एक डॉलरच्या काही स्टार नोटांचे नंबर चुकून दोनदा छापले गेले. तोच नंबर असलेल्या जोडीसाठी संग्राहक चांगले पैसे मोजतात, सुट्या नोटेला तेवढा मान नाही. दुसरी जागा म्हणजे सही. एखादा गव्हर्नर थोडेच महिने पदावर राहिला, तर त्याच्या सहीच्या नोटा कमी निघतात आणि त्या वेळी कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

फॅन्सी नंबरांत मात्र हिशोब करून उतरा. सहा आकडी नंबर असेल तर एका अक्षरमालेत, म्हणजे नंबराआधी तीच अक्षरं-आकडे असलेल्या नोटांत, जवळपास दहा लाख नोटा. त्यात सहाही आकडे सारखे असणाऱ्या फक्त 9. उलटसुलट सारखा वाचता येणारा रडार नंबर मात्र दर हजारात एक असतो, म्हणजे तुमच्या दहा गड्ड्यांत सरासरी एक निघावा. त्यासाठी दर्शनी किमतीच्या कितीतरी पट मोजणं मला पटत नाही. आणि 000001 सारखे नंबर काउंटरवर येतच नाहीत. बँक ऑफ इंग्लंड तसे अगदी कमी नंबर काढून ठेवते आणि धर्मादाय कामासाठी लिलावात विकते. त्याच बँकेची पाच पाउंडाची पॉलिमर नोट 2016 मध्ये आली तेव्हा ‘एके47’ अक्षरमालेच्या नोटांवर लोक तुटून पडले होते. तो एका नोटेचा नंबर नव्हता. तीच अक्षरं असलेल्या नोटांचा ढीग होता.

चलनातून गेलेली प्रत्येक नोट वर चढते असंही नाही. 500 युरोची नोट 2019 पासून नव्याने निघत नाही, पण ती आजही खर्चता येते आणि युरो क्षेत्रातल्या मध्यवर्ती बँका ती कितीही वर्षांनी बदलून देणार आहेत, त्यामुळे कुणाला घाई नाही. याच्या उलट झिम्बाब्वेची शंभर लाख कोटी डॉलरची नोट. 2015 मध्ये तिथल्या बँकेने रोख नोटा बदलून देताना लावलेल्या दराने तिची किंमत जेमतेम 40 अमेरिकी सेंट होती. संग्राहकांनी मात्र एकावर चौदा शून्यं पाहून तिला डॉलरांत भाव दिला. ज्यांनी तेव्हा गंमत म्हणून घेतली त्यांचं भलं झालं. आज घेणारा ती गंमत पूर्ण भावाने विकत घेतो. (रद्द नोटा घेण्याआधी कायदाही बघा; काही देशांत त्या ठरावीक संख्येपेक्षा जास्त बाळगता येत नाहीत.)

जे घ्याल ते कोरं करकरीत घ्या. ग्रेडिंग, म्हणजे नोटेच्या स्थितीला गुण देणं, 70 पर्यंतच्या मोजपट्टीवर होतं आणि एक मधली घडी बरेच गुण खाते. इस्त्री केलेली, धुतलेली नोट जाणकाराला लगेच कळते. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, कालांतराने ते चिकट होऊन कागदावर डाग पाडतं. पॉलिस्टरची पाकिटं घ्या. रबरबँड तर नकोच. माझ्या एका गड्डीला तो असा चिकटलाय की त्या नोटा आता फक्त खर्चायच्या लायकीच्या आहेत.

बोनसच्या निम्म्याऐवजी विसावा हिस्सा छंदाला ठेवा, गेला तरी वाईट वाटणार नाही इतकाच. बाकी मुलीच्या नावाने गुंतवा. बारा वर्षं हाताशी असल्याने त्यातला बराचसा भाग इक्विटी फंडात चालेल, शेवटच्या तीन वर्षांत तो हळूहळू ठेवींकडे वळवा. आणि कपाटातल्या गड्ड्या बँकेत भरण्याआधी एक रविवार काढून मुलीला शेजारी बसवा आणि प्रत्येक नोटेचा नंबर वाचा. बदली नोट, रडार, एखादी तिरकी छपाई सापडली तर बाजूला काढा. प्रत्येक मालिकेची सर्वांत स्वच्छ नोट पाकिटात घाला. उरलेल्या सोमवारी खात्यात जमा करा.