पाद्रीबाबांचा पगार कोण द्यायचं?

प्रश्न: सुरुवातीच्या अमेरिकेत खेड्यातल्या काँग्रिगेशनल पंथाच्या (प्रॉटेस्टंट पंथ, यात प्रत्येक चर्चचा कारभार तिथलीच मंडळी चालवतात) पाद्र्याला पगार कोण द्यायचं, त्यात घर भागायचं का?

उत्तर: न्यू इंग्लंडमधे, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, बहुतेक ठिकाणी गावच द्यायचं हो, टॅक्समधून, मॅसॅच्युसेट्समधे तर हे १८३३ पर्यंत चाललं. पण रोख पैसा कमीच, बऱ्याचदा धान्य नि जळणाची लाकडं, तीही वेळेवर येतील याचा नेम नाही, म्हणून हा माणूस स्वतः शेती करायचा, कधी घरी मुलं ठेवून त्यांना कॉलेजसाठी लॅटिन शिकवायचा आणि रविवारी दोन-दोन प्रवचनं, तीही हिवाळ्यात शेगडी नसलेल्या मीटिंगहाऊसमधे, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघरात! मला त्याच्या बायकोचं फार वाटतं, घरचा सगळा पसारा तिच्यावरच. नेमणूक बहुधा जन्मभराची, तरी चर्चच्या मंडळींशी बिनसलं की संपलं, जोनाथन एडवर्ड्ससारख्या विद्वान पाद्र्यालाही मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन गावच्या चर्चने १७५० मधे काढून टाकलं.