१९६० आणि १९७०च्या दशकातल्या फेंडर जॅझ बेस या बेस गिटारच्या आवाजात फरक नेमका कशामुळे पडतो?

मुख्यतः ब्रिजकडच्या (तारा गिटारच्या बॉडीवर जिथे टेकतात, त्या टोकाकडच्या) पिकअपच्या, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकी भागाच्या, जागेमुळे. लाकडाचा नंबर त्यानंतर. साठच्या दशकात दोन पिकअपच्या मध्यरेषांत साधारण ९१ मिलिमीटर अंतर असे, सत्तरच्या दशकात ते जवळपास १०२ झालं, म्हणजे पिकअप ब्रिजकडे सरकला. तिथे तार कमी हलते, त्यामुळे खर्ज घटतो आणि धार वाढते. स्लॅप, म्हणजे अंगठा तारेवर आपटून, वाजवणाऱ्यांना हेच हवं असतं. घेताना विक्रेत्याने सांगितलेल्या सालावर जाऊ नका, पट्टी लावून हे अंतर मोजा. मात्र तुलनेला दोन्हींवर सारख्याच तारा हव्यात. एकावर जुन्या फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्यांच्या, मऊ आवाजाच्या) आणि दुसऱ्यावर नव्या राउंडवाउंड (गोल वेटोळ्यांच्या, चमकदार आवाजाच्या) असतील, तर तुम्ही तारांचाच फरक ऐकताय. अँप (अँप्लिफायर) ही एकच ठेवा, आणि आवाज बेताचा: अँपेग बी-१५सारखा छोटा व्हॉल्व्ह अँप वाढवला की आवाज फाटू लागतो, त्यात हे बारकावे बुडतात.