सात वर्षांच्या मुलीचे नवे दात दुधाच्या दातांपेक्षा पिवळे का दिसतात?

बहुतेक वेळा हा पिवळेपणा नैसर्गिकच असतो, तेव्हा 'ब्रश नीट करत नाहीस' म्हणून तिला रागावू नका. दाताच्या वरच्या इनॅमलखाली डेंटिन नावाचा थर असतो आणि त्याचा मूळ रंगच पिवळसर. दुधाच्या दातांचं इनॅमल पातळ असलं तरी दुधी, अपारदर्शक असतं. पक्क्या दातांचं त्याहून पारदर्शक, शिवाय आतलं डेंटिनही जाड, म्हणून पिवळी झाक वर दिसते. शेजारी पांढरेशुभ्र दुधाचे दात असेपर्यंत हा फरक जास्तच डोळ्यांत भरतो. मी दंतवैद्य आहे. समोरचे पक्के दात आले की कितीतरी पालक हाच प्रश्न घेऊन येतात. लिंबू, मीठ, कोळशाची पूड घासू नका, कळकळीने सांगते. झिजलेलं इनॅमल पुन्हा तयार होत नाही आणि दात उलट आणखी पिवळा दिसतो.

मात्र पुढचं काही दिसलं तर दाखवून घ्या:

- पडल्या-आपटल्यावर एकच दात करडा होणं. आतली नस मेलेली असू शकते.
- दोन्ही बाजूंच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग. याला पाण्यातलं फ्लोराइड कारण असू शकतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर आढळतं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, त्यामुळे आधी पाणी तपासून घ्या.