हॉलंड, नेदरलँड्स आणि आपले वलंदेज

बातम्यांत नेदरलँड्स, आजोबांच्या तोंडी हॉलंड, तिथली भाषा डच आणि शिवकाळावरच्या पुस्तकांत वलंदेज. हे सगळं एकाच देशाबद्दल आहे का, आणि मराठीत लिहिताना यातलं काय वापरावं, असा प्रश्न आला आहे.

देश एकच. पण हॉलंड हे त्या देशाचं नाव नव्हे, त्याच्या एका भागाचं. नेदरलँड्सचे आज १२ प्रांत आहेत आणि त्यांतले दोन म्हणजे उत्तर हॉलंड आणि दक्षिण हॉलंड. १८४० पर्यंत हा एकच प्रांत होता. ॲमस्टरडॅम उत्तरेत येतं, रॉटरडॅम आणि हेग दक्षिणेत. मास्ट्रिख्ट मात्र लिम्बुर्ख प्रांतात. तिथला माणूस डच खरा, पण त्याला हॉलंडचा म्हणणं म्हणजे आपल्याकडे आंध्रच्या माणसाला मद्रासी म्हणण्यासारखं.

मग भागाचं नाव सगळ्या देशाला का चिकटलं? पैसा आणि जहाजं, दुसरं काय! १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखा होत्या. ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, डेल्फ्ट, होर्न, एन्कहाउझन आणि मिडलबर्ग. यांतलं एकटं मिडलबर्ग झीलंड प्रांतात, बाकी पाचही हॉलंडमध्ये. परक्या बंदरात उतरणारा खलाशी हॉलंडहून आलेला, म्हणून त्याचा अख्खा देशच हॉलंड झाला. (झीलंडच्या वाट्यालाही काही आलं म्हणा: न्यूझीलंडचं नाव त्याच्यावरूनच पडलं. ऑस्ट्रेलियाला तर बराच काळ न्यू हॉलंड म्हणत.)

आता वलंदेज. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांमार्फत आला. ते या लोकांना ‘ओलांदेश’ म्हणत, म्हणजे सरळ ‘हॉलंडवाले’. ‘आज्ञापत्र’ या राज्यकारभारावरच्या जुन्या मराठी ग्रंथात टोपीकरांची, म्हणजे युरोपियनांची, यादी आहे: फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. (डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे. हा शब्द मेला याचं मला खरंच वाईट वाटतं.) वेंगुर्ल्याला वलंदेजांची वखार होती, तिचे अवशेष आजही उभे आहेत. थोडक्यात, आजोबांची ‘चूक’ मराठीत तीनेकशे वर्षांपासून मुरलेली आहे.

‘डच’ची गंमत वेगळीच. जर्मन लोक स्वतःच्या भाषेला डॉइच म्हणतात, त्या शब्दाचाच हा भाऊ. मूळ अर्थ ‘लोकांची’ भाषा. इंग्रज पूर्वी दोघांनाही डचच म्हणत, पुढे तो शब्द समुद्रापलीकडच्या शेजाऱ्यांपुरता उरला. अमेरिकेतले ‘पेनसिल्व्हेनिया डच’ वंशाने जर्मन निघतात ते त्यामुळे.

तेव्हा लिहिताना देशाला नेदरलँड्स, माणसांना आणि भाषेला डच. हॉलंड फक्त त्या दोन प्रांतांबद्दल बोलायचं असेल तेव्हा. तिथल्या सरकारनेही २०२० पासून देशाच्या प्रसिद्धीतून हॉलंड हे नाव काढून टाकलं आहे. एक अपवाद ध्यानात ठेवा: १८०६ ते १८१० या काळात नेपोलियनचा भाऊ लुई तिथे राजा होता आणि त्या राज्याचं अधिकृत नावच हॉलंड होतं. त्या चार वर्षांबद्दल लिहिताना कुणी लाल पेन फिरवला तर ऐकू नका.

शेवटच्या ‘स’बद्दल मात्र मी फार कडक नाही. डच लोक स्वतः आपल्या देशाला एकवचनीच ‘नेडरलांट’ म्हणतात. इंग्रजीतून आलेलं नेदरलँड्स रूढ झालंय म्हणून तेच वापरावं, पण कुणी ‘नेदरलँड’ लिहिलं तर त्याला अडाणी ठरवायचं कारण नाही.

आणि वलंदेज इतिहासापुरता खुशाल ठेवा. वेंगुर्ल्याच्या वखारीला वलंदेजांची वखार म्हटलं की कानाला बरं वाटतं. हॉकीच्या बातमीत ‘वलंदेजांची भारतावर मात’ असं छापलंत तर मात्र वाचक आधी तोफा शोधतील.